आतून ओढायची दोरी

समजा, एक जुनी गाडी तुमच्यासमोर उभी आहे. पंचवीस-तीस वर्षांची. हल्लीच्या गाड्यांची पुढची काच चिकटवलेली असते, हिची रबरात बसवलेली आहे. पाऊस आला की काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत येतं आणि गाडी चालवणाऱ्याच्या बुटात जातं. ते तुम्हाला थांबवायचं आहे.

जुनं रबर कापून काढा. काच उतरवून जुन्या गादीवर आडवी ठेवा. नवं रबर काचेभोवती चढवा. या रबराला बाहेरच्या अंगाला एक खाच असते, ती गाडीच्या पत्र्याच्या कडेवर बसायची असते. त्या खाचेत चारी बाजूंनी एक दोरी दाबत न्या आणि दोन्ही टोकं खाली मधोमध मोकळी सोडा. सगळ्याला साबणाचं पाणी लावा. आता काच उचलून बाहेरून गाडीला टेकवा आणि दोरीची टोकं आत सोडा. बाहेरून तळहातांनी दाब द्यायचा आणि आतून ती दोरी बेताबेतानं ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत वळतो. पूर्ण फेरी झाली की दोरी हातात आणि काच जागेवर.

आता एक सांगा. हे वाचताना तुम्ही स्वतःला कुठं उभं केलंत? बाहेर, काच दाबताना. सगळेच तिथं उभे राहतात. आत गुडघे सीटवर टेकून, मान वाकडी करून दोरी कोण ओढतंय, याचा विचार कुणी करत नाही.

आत वहिनी असतात. गेली सत्तावीस वर्षं.

वहिनी म्हणजे काचवाल्या मिस्त्रींची बायको. त्या मुळात कुणाच्या वहिनी, हे आता गल्लीत कुणालाच आठवत नाही. शेजारचा पंक्चरवाला पहिल्यांदा म्हणाला असेल, मग सगळेच म्हणू लागले. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मिस्त्रींच्या हाताखालचा माणूस काम सोडून गेला, तेव्हा मिस्त्री वर येऊन म्हणाले होते, "अगं, जरा दहा मिनिटं खाली ये. दोरी ओढायची आहे."

ती दहा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

दुकान खाली, घर वर, मध्ये सतरा पायऱ्या. दुकानात भिंतीला टेकवून काचा उभ्या, प्रत्येकीच्या खाली पोत्याची घडी. खिळ्यांवर रबराची वेटोळी. एका कोपऱ्यात नळ, त्याला लांब पाइप. वर दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतही साबणाच्या पाण्याचाच वास. मुलगी लग्न होऊन लांब गेली. फोनवर ती दर वेळी विचारते, "आई, अजून खाली जातेस?" आणि वहिनी म्हणतात, "जाते बाई. खालीच राहिलंय आयुष्य."

वहिनींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर दोरीचा वळ कायमचा उमटला आहे. मान डावीकडे पूर्ण वळत नाही. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही, कारण आजार काही नव्हताच. वहिनी दमल्या होत्या. रात्रभर झोपूनही सकाळी उशीवर जशीच्या तशी सापडावी, अशी ती दमणूक होती.

मिस्त्रींचं उजवं मनगट सुजलेलं असायचं. ते त्याला पट्टा बांधत आणि गिऱ्हाईक दिसलं की सोडून खिशात घालत.

"अहो, आता पुरे करू या," वहिनी चार वर्षं म्हणत होत्या. "लागतंय किती आपल्या दोघांना?"

"हात चालतोय तोवर चालू दे."

"हात कुठं चालतोय? पट्टा चालतोय."

"मग पट्टा चालतोय तोवर."

असा माणूस. बोलण्यात सापडायचा नाही आणि काचेत चुकायचा नाही. "मिस्त्रींची काच गळत नाही," हे गल्लीत दगडावरच्या रेघेसारखं होतं. काळी पेस्ट मिळते, ती रबराखाली थापली की कसलीही काच काही दिवस गळत नाही. मिस्त्री तिला हात लावत नसत. "पेस्ट म्हणजे उसवलेल्या शिवणीला टाचणी," असं त्यांचं मत होतं.

त्यांची कामाची एक पद्धत होती, ती फक्त या दोघांचीच. नळाजवळ एक पिवळी मेणाची पेन्सिल दोरीला बांधून टांगलेली असे. गाडी आली की मिस्त्री बाहेरून पाणी सोडत, वहिनी बॅटरी घेऊन आत बसत. थेंब दिसला की त्या काचेवर आतून गोल काढत. मग काच उतरवून मिस्त्री पत्र्याची कड बाहेरून बोटानं चाचपत आणि खोट सापडेल तिथं फुली मारत, म्हणजे घासताना जागा चुकू नये. आतला गोल वहिनींचा, बाहेरची फुली मिस्त्रींची. आणि गंमत अशी, की गोल आणि फुली सहसा समोरासमोर येत नसत. पाणी एकीकडून शिरतं, कडेकडेनं सरकत जातं आणि भलतीकडेच दिसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तर अशा दुकानात भूमितीच्या बाई आल्या.

त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. बिस्किटाच्या रंगाची जुनी गाडी स्वतः चालवत. पाणी आत येतं म्हणाल्या. मिस्त्रींनी पाहिलं, रबर वाळून लाकूड झालं होतं. नवं घातलं. पाइप लावला, आत सगळं कोरडं. बाई खूष होऊन गेल्या.

तीन आठवड्यांनी परत आल्या. "मिस्त्री, रागावू नका. पण डावा बूट पुन्हा ओला."

पंक्चरवाल्याला तेवढंच हवं होतं. ट्यूब बादलीत बुडवता बुडवता तो ओरडला, "मिस्त्री, आता आत मासे सोडा! बाईंना सोबत होईल."

"तू तुझे बुडबुडे मोज," मिस्त्री म्हणाले, पण चेहरा उतरला होता. बाई गेल्यावर ते उलट्या डब्यावर बसले आणि वहिनींना म्हणाले, "ऐक. ही काच पुन्हा गळली, तर मी काचेला हात लावणार नाही. शटर ओढेन आणि किल्ली तुझ्या हातात देईन."

वहिनींनी वर पाहिलं. सत्तावीस वर्षांत मिस्त्रींनी दिलेला शब्द फिरवलेला त्यांना आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी काच उतरवली. मिस्त्रींनी बाहेरून कड चाचपली, मग रबर धुवायला नळाशी गेले. वहिनी आत बसून पत्र्याची आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसत होत्या. डाव्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या अगदी पोटाशी, रंग फुगलेला दिसला. त्यांनी नखानं टोचलं. रंगाची टिकली निघाली, तांबडी भुकटी सांडली आणि तिळाएवढ्या भोकातून बाहेरचा उजेड आत आला.

हेच ते. रबराचा काही दोष नव्हता. पत्रा गंजला होता. वरून कितीही रबरं बदला, पाणी या भोकातून येणारच होतं.

एरवी वहिनींनी लगेच हाक मारली असती, "अहो, सापडलं!" हाक अगदी ओठांवर आली. त्याच वेळी गुडघ्यातून कळ गेली आणि त्यांना किल्ली आठवली.

वहिनींनी फडकं त्या भोकावर ठेवलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

मिस्त्री आले. काच चढवायच्या आधी त्यांनी खिशातून एक नळी काढली. काळी पेस्ट. वहिनी बघतच राहिल्या. "तुम्ही? पेस्ट?"

"जुना पत्रा आहे. असू दे." मिस्त्रींनी त्यांच्याकडे न बघता बाहेरच्या कडेवर पेस्ट लावली. मग काच टेकवली आणि म्हणाले, "ओढ."

वहिनींनी दोरी ओढली. पाण्यात सगळं कोरडं निघालं. पेस्ट थोडे दिवस धरते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

यानंतरचे सहा आठवडे वहिनींना फार जड गेले. पाऊस आला की त्या खिडकीशी उभ्या राहत. पेस्ट सुटली का? पाणी शिरलं का? बाई येतील आणि आपण सुटू, असं वाटायचं. मग बाईंचा बूट डोळ्यांपुढे यायचा आणि स्वतःचीच शरम वाटायची. एकदा जेवताना मिस्त्री म्हणाले, "बाई आल्या नाहीत ना?"

"नाही."

"हं," म्हणाले आणि पाणी प्यायले. वहिनींना वाटलं, बिचारे घाबरलेत.

बाई आल्या तेव्हा मिस्त्री मनगट दाखवायला डॉक्टरांकडे गेले होते. बाईंनी गाडीतून पाय बाहेर काढला. डाव्या बुटावर प्लास्टिकची पिशवी होती, घोट्याशी रबरबँड लावलेला.

"हसू नका वहिनी, माझा शोध आहे. पाय अगदी कोरडा राहतो. फक्त क्लच सटकतो."

वहिनींना हसू आलं नाही. "पुन्हा गळतंय?"

"गळू दे हो. मी तक्रार करायला आलेच नाही. मिस्त्री नाहीत ते बरं झालं. मी गाडी भंगारात देतेय पुढच्या आठवड्यात. उगीच कुठून कानावर जायला नको, म्हणून तुम्हाला सांगायला आले. त्यांना म्हणा, बाईंना आता चालवणं होत नाही. काच गळते म्हणून दिली असं कळलं तर मनाला लावून घेतील."

"भंगारात? एका काचेपायी?"

"सटकला परवा पाय. वळणावर. कुणाला लागलं नाही, पण भूमिती कळते मला, अंतर किती उरलं होतं ते दिसलं. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. दर गुरुवारी मी ताईकडे जाते ना, वृद्धाश्रमात. ती मला ओळखत नाही आता. गाडीला ओळखते. खिडकीतून बघते आणि म्हणते, 'आमची गाडी आली.' मग मी आत जाते. गाडीतून उतरलेली म्हणजे कुणीतरी घरचीच असणार, एवढा हिशेब तिला अजून जमतो."

त्यांनी पिशवी नीट केली, गाडी सुरू केली आणि निघून गेल्या.

वहिनी सतराव्या पायरीवर जाऊन बसल्या. आता काय करायचं ते सगळं त्यांच्या हातात होतं. काहीच बोलल्या नाहीत, तर मिस्त्रींना कळणार नाही, दुकान चालू राहील, बाईंची गाडी जाईल. फक्त 'गळतंय' एवढं सांगितलं, तर दुकान बंद होईल. सुंठीवाचून खोकला जाईल. आणि भोकाचं सांगितलं, तर भोक बुजेल, काच राहील, मिस्त्रींची पत राहील आणि दोरीही राहील.

मिस्त्री आले. जिना चढताना त्यांनी कठडा डाव्या हातानं धरला होता. वहिनी म्हणाल्या, "बाई येऊन गेल्या. गळतंय."

मिस्त्री तिथंच थांबले. मग खाली गेले, शटर ओढलं. दिवसाढवळ्या तो आवाज ऐकून पंक्चरवाला बाहेर आला, "काय हो मिस्त्री, कोण गेलं?" मिस्त्री परत वर आले आणि किल्ली वहिनींच्या हातात ठेवली. कापलेल्या दोरीच्या तुकड्यात ओवलेली, उबदार.

"झालं," म्हणाले. खुर्चीत बसले आणि पट्टा सोडून मनगट मांडीवर उघडं ठेवलं. इतके हलके बसलेले वहिनींनी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पण तेव्हा त्यांना ते खचल्यासारखे वाटले.

वहिनींनी किल्ली मुठीत धरली. चार वर्षं मागितलेली वस्तू. त्यांनी मनाशी दहापर्यंत मोजलं. ती पिशवी डोळ्यांपुढून जाईना.

"अहो, तुमची चूक नाही. पत्रा गंजलाय. डाव्या कोपऱ्यात भोक आहे. मला मागच्या वेळीच दिसलं होतं. मी बोलले नाही."

खालून पंक्चरवाल्याचा पंप फुसफुसत होता.

"का?" मिस्त्रींनी विचारलं.

"दमले म्हणून."

वहिनींना वाटलं, आता भांडी आपटतील, किमान आवाज तरी चढेल. मिस्त्री नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. मग पट्टा पुन्हा गुंडाळत म्हणाले, "बाई काय म्हणाल्या?"

"गाडी भंगारात देतायत पुढच्या आठवड्यात. दर गुरुवारी त्यांच्या ताईकडे जातात ती गाडी."

"फोन कर. गुरुवारच्या आत देतो म्हणावं." आणि त्यांनी हात पुढे केला. वहिनींनी किल्ली परत दिली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. दोघांनी मिळून काच उतरवली, गादीवर ठेवली. मिस्त्री मनगट चोळत म्हणाले, "आज तू बाहेर ये. मी आत बसतो. मला दाब द्यायला जमणार नाही."

"मी? बाहेर?"

"मग? बाहेर काय वाघ आहे?"

पंक्चरवाल्यानं हातातलं चाक सोडलं. "वहिनी बाहेर! मिस्त्री आत! आज पाऊस उलटा पडणार!"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वहिनींना पत्र्याची बाहेरची बाजू इतक्या जवळून दिसत होती. मिस्त्री आतून भोकाभोवतीचा गंज खरवडत होते. काच नसल्यामुळे दोघांची डोकी हातभर अंतरावर. वहिनी बाहेरून जुनी काळी पेस्ट थिनरच्या फडक्यानं काढत होत्या. पेस्ट रबरासारखी सोलून निघत होती. डाव्या कोपऱ्यातली निघाली, आणि तिच्याखाली पिवळी फुली होती.

बरोबर भोकावर. दोन रेघा, एक लांब, एक आखूड. मिस्त्री फुली तशीच मारतात.

पहिल्या वेळी त्यांनी नुसतं रबर बदललं होतं, कड चाचपली नव्हती. म्हणजे मागच्याच वेळी, रबर धुवायला नळाशी जायच्या आधी, मिस्त्रींना भोक सापडलं होतं. त्यांनी खूण केली होती. आणि मग खुणेवर पेस्ट थापली होती. आतून वहिनींनी फडकं ठेवलं तेव्हा त्याच भोकाच्या बाहेरच्या तोंडावर ती खूण ताजी होती. दोघांची अळीमिळी गुपचिळी, मध्ये एक पत्र्याचा पापुद्रा.

वहिनींनी मान वर केली. मिस्त्री खाली बघून घासत होते.

"निघाली का पेस्ट?" त्यांनी विचारलं.

"निघाली," वहिनी म्हणाल्या. बाई बाकावर बसल्या होत्या, पंक्चरवाला कान लावून होता. वहिनींनी थिनर घेतलं आणि फुली पुसून टाकली.

भोकावर पत्र्याचा नखाएवढा तुकडा डाख देऊन बसवला. गंजावर लावायचा प्राइमर दिला, त्यावर रंग. तो वाळायला एक दिवस लागतो, घाई चालत नाही. तो दिवस आणि ती रात्र वहिनींनी एकच गोष्ट उलटून पालटून पाहिली. कंटाळून लावली असेल पेस्ट. गंज काढायचा, डाख द्यायचा, दोन दिवस मोडायचे; मनगट दुखत होतं, भागवू या म्हणाले असतील. माणूस आहे. की मुद्दाम? की यांनाही थांबायचंच होतं, आणि 'दमलो' हा शब्द तोंडातून निघेना, म्हणून तो एका गळक्या काचेकडून वदवून घ्यायचा होता? तसं असेल तर परवा खुर्चीत बसलेला माणूस खचलेला नव्हता. सुटलेला होता. आणि त्याच्या हातात किल्ली परत देणाऱ्या आपणच.

रंग वाळल्यावर काच चढवली. वहिनींनी बाहेरून तळहात टेकवले. आतून मिस्त्रींनी दोरी ओढली, आणि पहिल्याच कोपऱ्यात रबराचा ओठ दुमडला.

"हळू! बेतानं! काचेला समांतर ओढायची असते ती. सत्तावीस वर्षं बघताय ना?"

"बघत कुठं होतो? बाहेर होतो मी."

बाई खुदकन हसल्या. दुसऱ्यांदा नीट बसली. काम झाल्यावर मिस्त्री सीटवर मान धरून बसले होते, गुडघे चोळत. आत किती आखडतं ते त्यांना आज कळत होतं. वहिनींनी पाइप घेतला आणि पाणी सोडलं. काचेवरून पाणी वाहत होतं, त्याच्यामागे बॅटरी घेऊन मिस्त्री कोपरा न् कोपरा बघत होते. त्यांनी बोटानं डावा कोपरा दाबून पाहिला, बोट वहिनींना दाखवलं. कोरडं. एकही गोल काढायची गरज पडली नाही. पंक्चरवाला आपल्या गिऱ्हाइकांच्या अजून तीन काचा पाठवतो म्हणत होता.

बाई आपल्या पिशवीची घडी घालत होत्या. उद्या गुरुवार होता.

वहिनी काचेजवळ वाकल्या आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. मिस्त्रींनी आतून कानाला हात लावला, मान हलवली. ऐकू येत नव्हतं. काच फारच चांगली बसली होती. वहिनींनी पाइप खाली टाकला, नळ बंद केला, हात पदराला पुसले. मिस्त्री दार उघडून कसेबसे बाहेर आले आणि मान चोळत म्हणाले, "काय म्हणत होतीस?"

बाई समोरच उभ्या होत्या. वहिनी "काही नाही" म्हणाल्या आणि दोरी गुंडाळून खिळ्याला लावू लागल्या.

पण ती दोरी रोज खिळ्यावरून काढताना आणि रोज परत लावताना त्यांच्या ओठांवर तेच येतं. फुली मारलीत, ती भोक बुजवायला की पेस्टखाली झाकायला? आणि झाकायचीच होती, तर त्या दिवशी मला बाहेर उभं का केलंत?